दुपारचा पान्हा

माझी पहिली मुलगी बारशाआधीच गेली. तिला नाव मिळालं नाही, त्यामुळे तिच्याविषयी बोलताना मला आजही अडखळायला होतं. बाळंतपण माहेरी, कल्याणला झालं होतं. मूल लहानखुरं, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसायच्या. छातीशी धरलं की तोंड लावायची, दोन घोट ओढायची आणि दमून झोपून जायची. एका सकाळी ती झोपेतून उठलीच नाही. इतक्या लहान मुलाला जाळत नाहीत. वडील आणि काका तिला धुवट फडक्यात गुंडाळून खाडीच्या काठी घेऊन गेले आणि परत आले. मी दारातून पाहिलं, तर वडिलांचे हात अजून तसेच होते, काहीतरी धरल्यासारखे.

खरं दूध त्यानंतर आलं. ती असताना थेंबथेंब होतं, ती गेल्यावर लोटच्या लोट. चोळ्या भिजायच्या, अंथरूण भिजायचं. आईनं माझी छाती जुन्या लुगड्याच्या पट्टीनं करकचून बांधली आणि पट्टीच्या आत मोगऱ्याच्या कळ्या भरल्या. मोगऱ्यानं दूध आटतं असं आमच्याकडच्या सगळ्या बायका सांगत. चैत्र होता, मोगरा हवा तेवढा मिळत होता. संध्याकाळपर्यंत कळ्या माझ्या अंगाच्या उष्णतेनं उमलायच्या आणि मग दुधात भिजून तपकिरी पडायच्या. आई त्या काढून टाकायची आणि नव्या भरायची. दूध काही आटलं नाही.

शेवटी आई म्हणाली, "ही जागा बदलली पाहिजे. इथे हिला सगळीकडे तेच दिसतंय." मला ठाण्याला सासरी पाठवायचं ठरलं. वडील आगगाडीनं सोडायला आले. गाडी मुंब्र्याजवळ खाडीच्या कडेनं चालली होती, तेव्हा माझ्या डोक्यात आलं की कल्याणची खाडी ती हीच. तिथलं पाणी इथूनच ठाण्याला जातं. मी खिडकीकडे पाठ केली.

आमचं सासरचं घर चेंदणीच्या बाजूला होतं. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी आणि परसू. परसात तगरीची झुडपं, एक विहीर आणि तिच्यामागे करवंदीचं कुंपण. कुंपणापलीकडे उतार, उताराखाली कोळ्यांची वस्ती, तिच्याही पलीकडे मिठागरं. विहीर गोडी होती, पण भरतीच्या दिवसांत तिचं पाणी किंचित खारट लागायचं. घरात आम्ही चौघंच. मामंजी कचेरीतून पेन्शनीवर आलेले, दुपारी ओटीवर झोपायचे. हे त्याच कचेरीत कारकून, सकाळी जेवून जायचे ते दिवेलागणीला यायचे. सासूबाई उंच, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. घराला उजेड नको असल्यासारख्या दुपारच्या वेळी त्या सगळी दारं लोटून घेत. मला ती त्यांची शिस्त वाटायची.

मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. जेवणं उरकली होती. भांडी घासून पालथी घातली होती. बाहेर ऊन असं पडलं होतं की पक्षीसुद्धा गप्प होते. मी माजघरात चटईवर आडवी होते आणि माझ्या छातीत एकदम मुंग्या आल्या. पान्हा फुटताना येतात तशा. चोळी ओली झाली. मी उठून बसले आणि मग मला रडणं ऐकू आलं.

हे मी पुढेही कितीदा तपासून पाहिलं. आधी पान्हा फुटायचा, मग आवाज यायचा. आवाज ऐकून दूध आलं असं कधी झालं नाही.

तान्ह्या मुलाचं रडणं होतं ते. अगदी कोवळं, भुकेचं. एक लांब सूर, आणि त्याच्या शेवटी उचकी लागल्यासारखी तूट. पुन्हा सूर, पुन्हा तूट. विहिरीकडून येत होतं. मी पडवीचं दार उघडायला गेले, तर सासूबाई दाराशीच बसल्या होत्या. मांडीवर सूप होतं, पण सुपात काही नव्हतं.

"कुणाचं मूल रडतंय हो?" मी विचारलं.

"कुठे?"

"विहिरीपाशी."

त्यांनी माझ्या चोळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मांजर असेल. आत जाऊन पड."

मी पडले. आवाज थोडा वेळ चालू राहिला आणि मग कुणी उचलून घेतल्यासारखा थांबला.

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दुपारी तेच. मामंजी ओटीवर शांत घोरत असायचे. शेजारची बाई परसात वाळवण राखत बसायची, तिला काही ऐकू यायचं नाही. मी तिला आडून विचारलं, "तुमच्याकडे कुणाचं लहान मूल आलंय का?" ती म्हणाली, "नाही गं," आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

पट्टी बांधून बांधून माझ्या छातीत गाठी झाल्या. उजवीकडे लाल चट्टा आला, हात लावू देईना. ताप भरला. मामंजींच्या ओळखीचे सरकारी दवाखान्यातले डॉक्टर होते. ते मला तपासायला येणं शक्यच नव्हतं. यांनी त्यांना जाऊन लक्षणं सांगितली. डॉक्टरांनी निरोप दिला की पट्टी ताबडतोब सोडा, दूध आत कोंडू देऊ नका. एक यंत्र मिळतं, त्यानं थोडंथोडं काढा. थोडंच काढा. दुखणं कमी होण्यापुरतं. जितकं काढाल तितकं येत राहील.

हे मुंबईहून ते यंत्र घेऊन आले. माझ्या हातात देताना त्यांनी मान वळवली होती. उपरण्यात गुंडाळलेलं, आत भुसा भरलेली पेटी. काचेचं भांडं होतं, एका बाजूला घंटेसारखं रुंद तोंड, खाली दूध साठायला फुगवटा आणि दुसऱ्या टोकाला तांबड्या रबराचा चेंडू. सासूबाईंनी ते उजेडात धरून पाहिलं.

"ही तर तुंबडी," त्या म्हणाल्या. त्या काळी नासलेलं रक्त काढायला तुंबडी लावत, ती मी लहानपणी पाहिली होती. माझ्या अंगावर काटा आला.

पण त्यानं काम केलं. चेंडू दाबायचा, काचेचं तोंड छातीला लावायचं, चेंडू सावकाश सोडायचा. सोडला की आतून श्वास घेतल्यासारखा आवाज यायचा आणि काचेत दुधाची धार दिसायची. ओढ मुलाच्या तोंडासारखीच, पण गार. पहिल्या दिवशी मी ते लावलं आणि मला हुंदका आवरेना. माझ्या मुलीनं कधी इतक्या जोरानं ओढलं नव्हतं.

मला वेळ निवडायची गरज नव्हती. दुपारी पान्हा फुटायचा, आवाज सुरू व्हायचा आणि मी माजघरात बसून काचेत दूध काढायचे. काच भरली की बाहेरचं रडणं थांबायचं.

त्या दुधाचं काय करायचं ते सासूबाईंनी सांगितलं. विस्तवावर पडता कामा नये, नाहीतर बाईचं दूध कायमचं जळतं. मुंग्यांच्या तोंडी लागता कामा नये. कुणाचा पाय पडेल तिथे टाकायचं नाही. दिवेलागणीला हातपाय धुऊन त्या स्वतः ते तगरीच्या मुळाशी ओतणार. तोवर दगडी वाटीत, वर झाकण ठेवून, पडवीच्या पायरीवर. वाटी पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवायची म्हणजे मुंग्या लागत नाहीत. दूध देवघराच्या किंवा चुलीच्या जवळ नको होतं, म्हणून बाहेर.

ताप उतरला. चट्टा मावळला. मग एका संध्याकाळी सासूबाई वाटी उचलायला गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"आज काढलं नाहीस का?"

"काढलं की. रोजच्याएवढंच."

वाटीवर झाकण होतं. परातीतलं पाणी हललेलं दिसत नव्हतं. वाटी मात्र रिकामी, आतून पुसल्यासारखी कोरडी. मांजर असतं तर झाकण पडलं असतं. सासूबाईंनी वाटी नाकाशी नेली, पुन्हा खाली ठेवली आणि विहिरीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामी. त्याच्या पुढच्या दिवशीही. मी रडायला लागले. म्हटलं, "आपण कुणाला तरी बोलावू या. अंगारा, ताईत, काहीही." शेजारणीकडून ऐकलं होतं की नदीकाठी पुरलेली मुलं पाण्यावाटे आईच्या मागे येतात. कल्याणची खाडी आणि ठाण्याची खाडी एकच, हे तर मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं.

मला वाटलं होतं सासूबाई घाबरतील, नाहीतर रागावतील. यातलं काहीच झालं नाही. पदरानं माझं तोंड पुसून म्हणाल्या, "पितंय ना? पिऊ दे."

त्या शब्दांनी माझी झोप उडाली. ज्या बाईनं मला मांजर असेल म्हणून सांगितलं, ती आता पिऊ दे म्हणत होती.

मी ठरवलं की बघायचंच. दुपारी दूध काढलं, वाटी पायरीवर ठेवली, पडवीचं दार लोटल्याचा आवाज केला आणि परसातल्या न्हाणीघरात जाऊन बसले. तिथल्या फळ्यांच्या फटीतून पायरी दिसायची. ऊन भिंतीवरून पांढरं परावर्तित होत होतं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग करवंदीचं कुंपण खालून उचललं गेलं आणि त्यातून एक बाई आत आली.

पहिल्या क्षणी मी तिला ओळखलं नाही, कारण तिच्या डोक्यावर पाटी नव्हती. आमच्या घरी सकाळी बोंबील आणि निवट्या घेऊन येणारी कोळीण होती ती. आम्ही मासे खाणारी माणसं, त्यामुळे मागच्या दाराशी तिचं रोजचं येणं. पोरीचे दिवस भरलेत एवढंच मध्ये कधीतरी म्हणाली होती. तिच्या काखेत फडक्याचं गाठोडं होतं. ती पायरीवर बसली, झाकण अलगद काढलं, कापसाची वात दुधात बुडवली आणि गाठोड्यात धरली. पुन्हा बुडवली, पुन्हा धरली. एकदाही तिनं इकडेतिकडे पाहिलं नाही. शेवटी बोटानं वाटी निपटली आणि ते बोट गाठोड्यात नेलं.

मी न्हाणीघरातून बाहेर आले. ती पळाली नाही. उठूनही उभी राहिली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"रागावू नको बाय," ती म्हणाली. "माझे पोरीची पोर हाय. पोरगी गेली बालंतपनात."

गाठोड्यात एक मूल होतं. मूठभर. डोळे मोठे, उघडे, न हलणारे.

"हिला वढता नाय येत," ती सांगत होती. "वस्तीतल्या दोघीजनींनी छातीशी धरली, तोंडच नाय लावला. शेलीचा दूध दिला, तो वकून टाकला. तुझे पायरीवर वाटी बघितली. वास घेतला, तवा समजला. मंग आनली हिला. हा दूध ठरतो हिचे पोटात."

माझी भीती एकदम उतरली, आणि तिच्या जागी मला हसूसुद्धा आलं असावं. म्हणजे एवढंच होतं तर. मी म्हणाले, "अगं मग सांगायचंस ना. रोज दुपारी हिचं रडणं ऐकून मी नुसती मरत होते."

कोळणीनं कपाळाला आठी घातली.

"कुनाचा रडना?"

"हिचं. रोज. विहिरीपाशी."

"ही नाय रडत बाय," ती म्हणाली. "जन्मली तवापासून रडली नाय. रडाचं बल नाय तिला. सुईन बोलली, ज्या पोराला रडाचं बल नाय ते जगत नाय."

"कधी झाली ही?"

"या अवसेला."

अमावस्या होऊन फारसे दिवस झाले नव्हते. मी ठाण्याला आले आणि पहिल्यांदा ते रडणं ऐकलं, तेव्हा हे मूल आईच्या पोटात होतं.

तेवढ्यात माझ्या छातीत मुंग्या आल्या. त्या दुपारी दूध काढून झालं होतं, तरी पुन्हा आल्या. चोळी भिजली. आणि विहिरीकडून तो सूर उठला, लांब, आणि शेवटी तुटणारा. कोळीण माझ्याकडे बघत होती, तिला काहीही ऐकू येत नव्हतं हे उघड दिसत होतं. पण तिच्या काखेतल्या मुलानं मान वळवली. इतकं अशक्त मूल, ज्याला दूध ओढता येत नव्हतं, त्यानं मान वळवून विहिरीकडे पाहिलं, आणि आवाज थांबेपर्यंत तिकडेच पाहत राहिलं.

मला पुढचं नीट आठवत नाही. मी पायरीवर बसले होते आणि मूल माझ्या मांडीवर होतं एवढं आठवतं. चोळीची गाठ कधी सोडली ते आठवत नाही. त्यानं तोंड लावलं. आधी नुसतं लावलं, मग ओढलं. कोळणीनं तोंडावर पदर घेतला आणि ती आवाज न करता रडू लागली.

पडवीचं दार वाजलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

त्यांनी मला, कोळणीला, मुलाला, सगळ्यांना एकदा पाहून घेतलं. मूल पिऊन झोपेपर्यंत त्या उंबऱ्यातच थांबल्या. मग कोळणीला म्हणाल्या, "उद्या ये. कुंपणातून नको, दारानं ये." आणि मला म्हणाल्या, "आत चल."

आत आल्यावर त्यांनी मला पाटावर बसवलं.

"ओढत होतं?"

"हो."

"जोरात?"

"हो. मान वळवली तिनं, सासूबाई. तिलाही ऐकू आलं."

त्यांनी उठून ओटीकडचं दार लोटलं. मग म्हणाल्या, "मलाही येतं."

"तुम्हांला? कसं?" मी विचारलं.

"याच्या आधीचा एक होता माझा," त्या म्हणाल्या. 'याच्या' म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. "बसायला लागला होता. गेला. तेव्हापासून रोज दुपारी. एक दिवस चुकलेला नाही."

"मग तुम्ही मला मांजर म्हणालात?"

"काय म्हणणार होते मी?" त्यांचा आवाज जरा चढला आणि लगेच खाली आला. "मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा माझ्या सासूबाई दारात अशाच बसल्या होत्या. त्यांनी मला हेच सांगितलं. मांजर असेल म्हणाल्या. त्या गेल्या तोवर त्यांनी दुपारी कधी पापणीला पापणी लावली नाही, हे मला फार उशिरा कळलं."

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. लग्न होऊन आल्यापासून तसं कधी झालं नव्हतं. "एवढंच ध्यानात ठेव," त्या म्हणाल्या. "ओ द्यायची नाही. काही झालं तरी ओ द्यायची नाही. दूध आपल्या हातात नसतं, ते येतं तर येऊ दे. पण तोंडानं ओ द्यायची नाही."

मूल छातीशी घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आपलं मन गुंतलं की पोर परत देताना जीव जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. काचेनं काढायचं आणि वाटीनं पाजायचं. मी ते मानलं. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट करू लागले. थोडंच काढण्याऐवजी सगळं काढायचं, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पहिले काही दिवस काचेच्या तळाशी जेमतेम दिसायचं. हात दुखायचा, चेंडू दाबून बोटांना वळ पडायचे. मग छातीनं जणू ऐकलं. काच अर्धी भरू लागली, मग पुरी.

सासूबाईंनी मला बाळंतिणीचं खाणं सुरू केलं. अळिवाची खीर, खसखस, मेथीचे लाडू, शतावरी घातलेलं दूध, जेवणानंतर बाळंतशोपा. मामंजींनी एकदा पानावरून विचारलं, "मेथी कुणासाठी?" सासूबाई म्हणाल्या, "माझी कंबर धरलीये." शेजारणीच्या नाकाला मात्र कळलं. पाळणा नसलेल्या घरातून बाळंतिणीच्या स्वयंपाकाचा वास येतो, हे तिनं गल्लीभर केलं. संध्याकाळी बायका आमच्या परसाच्या बाजूनं जाईनाशा झाल्या.

यांना मी सांगितलं नव्हतं. एके दिवशी काच धुताना त्यांनी पाहिलं.

"अजून येतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"टाकून देतेस का?"

मी खरं ते सांगितलं. कोळणीचं, तिच्या मुलीचं. विहिरीचं मात्र नाही. ते ऐकत होते आणि रबराचा चेंडू हातात फिरवत होते.

"जगतेय का ती?"

"हो. गालावर मांस चढलंय."

"या रबराला भेग पडलीय," ते म्हणाले. "दुसरा आणतो." आणि त्यांनी आणला.

वैशाख गेला, जेठ गेला, पाऊस लागला. कोळीण इरलं घेऊन, पोरीला पोटाशी धरून यायची. पोर भरली. मुठी घट्ट झाल्या, नजर फिरू लागली, कोळीण बोलली की ओठ हलवायची. पण घशातून आवाज नाही. हसली तरी नाही, टोचलं तरी नाही. आणि दुपारचं ते रडणं काही थांबलं नाही. पावसाच्या आवाजातूनही ते स्पष्ट यायचं. ते सुरू झालं की आम्ही तिघी विहिरीकडे पाहायचो, सासूबाई, मी आणि ते मूल. कोळीण आम्हांला पाहायची. तिनं कधी काही विचारलं नाही. एकदा फक्त सासूबाईंना म्हणाली, "आमचे वस्तीत पन हायेत अशा बायका."

श्रावणात एका शुक्रवारी जिवतीची पूजा होती. ज्यांची मुलं आहेत त्या बायका मुलांसाठी ती करतात. सासूबाई आपल्या मुलासाठी करत होत्या. मी त्यांच्या हाताखाली होते, त्यामुळे काच भरायला उशीर झाला. कोळीण येऊन पडवीत बसली होती, पोर चटईवर ठेवली होती. मी घाईघाईनं माजघरात बसून दूध काढू लागले. छातीत मुंग्या आल्या, धार लागली, आणि मी सवयीनं विहिरीकडच्या आवाजाची वाट पाहिली.

आवाज पडवीतून आला.

लांब सूर आणि शेवटी उचकीसारखी तूट. तोच. चैत्रापासून मी रोज ऐकलेला तोच. हातातली काच तशीच ठेवून मी धावत बाहेर गेले. चटईवरची पोर लाल झाली होती, मुठी आवळून, तोंड उघडून भुकेनं रडत होती. कोळीण आनंदानं टाळ्या वाजवत होती. "रडली गं! बाय, रडली! आता जगते ही!"

देवघराच्या दारात सासूबाई हळदीचे हात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दाराची चौकट धरली, चौकटीवर पिवळे डाग उमटले.

"हा त्याचा आवाज," त्या मला म्हणाल्या, अगदी हळू. "माझ्या पोराचा."

मला तो माझ्या मुलीचा वाटत होता.

त्या दिवसापासून विहिरीकडून काही आलं नाही. मला सुटल्यासारखं झालं. पहिल्यांदा दुपारची झोप लागली. सासूबाईंचं मात्र उलट झालं. त्या दुपारी दारं लोटेनाशा झाल्या. विहिरीच्या काठावर जाऊन बसायच्या, श्रावणाचं ऊन-पाऊस अंगावर घेत, मान एका बाजूला कलती. मी हाक मारली की हात वर करायच्या, थांब म्हणून. मग एकदम उठून यायच्या आणि विचारायच्या, "आली का ती?"

कोळणीची वाट मीही पाहायचे, पण त्या जशा पाहायच्या तशी नाही. पोर आली की सोवळंओवळं सगळं बाजूला ठेवून त्या तिला मांडीवर घ्यायच्या. मासळीचा वास लुगड्याला लागायचा, त्याची पर्वा नसायची. मी वाटी पुढे केली की त्या हात आडवा धरायच्या.

"थांब जरा."

"अहो, भुकेली आहे. रडायला लागेल."

"लागू दे ना," त्या म्हणायच्या. पोर रडायला लागायची. त्या डोळे मिटून, तिला छातीशी न धरता, तशीच मांडीवर ठेवून ऐकत राहायच्या. "रडू दे. जरासं रडू दे." कोळणीचा जीव वरखाली व्हायचा. एक दिवस तिनं पुढे होऊन पोर सरळ उचलून घेतली आणि म्हणाली, "आई, ही माझी हाय. तुझा तो गेला." सासूबाईंनी डोळे उघडले. "हो गं बाई," त्या म्हणाल्या. "पाज तिला." आणि उठून आत गेल्या. पुन्हा त्यांनी वाटी कधी अडवली नाही.

दसऱ्याच्या सुमारास पोर मऊ भात आणि पेज खाऊ लागली. मी काढणं कमी केलं आणि दूध आपसूक कमी झालं, कळ्या नाहीत, पट्टी नाही, गाठी नाहीत. दिवाळीआधी कोळीण तिला घेऊन आपल्या भावाकडे वसईच्या बाजूला राहायला गेली. जाताना बोंबलाची मोठी पेंडी ठेवून गेली. पुढे तिच्या गावचा कुणी बाजारात भेटला की खुशाली कळायची. पोर चालते, पोर बोलते, आवाज मोठा आहे, होडीवरून हाक मारली तर काठावर ऐकू येते.

दोन वर्षांनी मला मुलगा झाला. त्या वेळी मी हट्टानं बाळंतपण ठाण्यालाच केलं. सुईणीनं त्याला उलटं धरून थोपटलं आणि तो मोठ्यानं रडला. सासूबाई खोलीबाहेर उभ्या होत्या. बाळंतिणीच्या खोलीत यायचं नसतं, तरी त्या उंबऱ्यापर्यंत आल्या, मान कलती करून थोडा वेळ ऐकत राहिल्या.

मी अंथरुणातून त्यांच्याकडे बघत होते. विचारायचा धीर होत नव्हता.

"हा याचाच आहे," त्या म्हणाल्या. "याचा स्वतःचा." आणि न्हाणीत पाणी तापवायला गेल्या.